मेडिकलवाला बाबांच्या डायबेटीसमध्ये नेमकं काय करू शकतो?

प्रश्न एका ताईंचा आहे. वडील ६८ वर्षांचे, देवरुखला राहतात, बारा वर्षांपासून डायबेटीस. ताई पुण्यात. बाबा वर्षातून दोनदा डॉक्टरांकडे जातात, बाकी दर महिन्याला जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणतात. मेडिकलवाला काही विचारत नाही आणि बाबा काही सांगत नाहीत. "परदेशात म्हणे फार्मासिस्ट शुगरच्या पेशंटवर लक्ष ठेवतो, मग आपल्याकडे तो नुसता दुकानदार का? आणि सरकार याबाबत काही करत का नाही?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी चिपळूणला २८ वर्षं मेडिकल चालवतोय. तुमच्या प्रश्नात थोडी नाराजी आहे आणि ती रास्त आहे. उत्तर लांबेल, कारण यात आमचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती हे वेगवेगळं सांगावं लागेल.

तुम्हीच लिहिलंय की बाबा डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा जातात आणि मेडिकलमध्ये बारा वेळा. खरं तर तिथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. डायबेटीसच्या माणसाला वर्षभर नियमाने भेटणारा, आरोग्याचं शिक्षण घेतलेला माणूस एकच असतो, आणि तो काउंटरच्या मागे उभा असतो. आणि त्याला एक गोष्ट डॉक्टरांच्याही आधी कळते: गोळ्या संपल्या कधी. ३० गोळ्या ३० दिवसांत संपायला हव्यात. माणूस ४५व्या दिवशी आला, तर १५ दिवसांचा खाडा आहे. रक्त न तपासता हे समजतं, फक्त मागच्या बिलाची तारीख बघायची.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. दर दीड महिन्याने गोळ्यांची तीन पानं, म्हणजे तीस दिवसांची खरेदी. एकदा नवी चिठ्ठी घेऊन आले, रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (एचबीए१सी) साडेनऊच्या घरात, म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवून वर दुसरी गोळी जोडलेली. डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या समोरचा माणूस म्हणाला होता, "गोळ्या रोज घेतो." मी बिलं काढून दाखवली तेव्हा गुरुजी जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सकाळची फिरती असली की राहते रे. आणि रोज घेतली तर किडनी जाते म्हणतात ना?" आता बघा, हाच माणूस मुलीच्या धाकाने दुसऱ्या दिवसापासून वाढवलेला सगळा डोस नियमाने घेऊ लागला असता, तर आठवड्याभरात शुगर खाली जाऊन घामाघूम होऊन पडला असता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जुनाच डोस ठेवायला सांगितला, रोज घ्यायच्या अटीवर. एक फोन आणि दोन बिलं, एवढंच काम होतं.

हे काम मी प्रत्येकासाठी करतो का? नाही. संध्याकाळी सात वाजता काउंटरवर आठ माणसं उभी असताना नाही करत. कोणीच करत नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी काउंटरवर काय काय चुकू शकतं ते सांगतो, कारण बाहेरून हे दिसत नाही. सगळ्यात मोठा घोळ इन्सुलिनच्या सिरिंजचा. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एक मिलीत ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनमधलं कार्ट्रिज असतं मिलीला १०० युनिटचं, आणि १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. दुकान सुरू केल्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून ४० च्या बाटलीसोबत केशरी टोपणाची सिरिंज गेली. त्या आजी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन भरायच्या, पण प्रत्यक्षात जात होतं ८ युनिट. पंधरा दिवस शुगर चढत राहिली, घरचे आजींच्या खाण्याला दोष देत राहिले. चुकलो मी होतो. उलटं झालं असतं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं असतं, तर त्याच २० च्या रेघेला ५० युनिट गेली असती, आणि आजी सकाळी उठल्या नसत्या. हे कल्पनेतलं नाही: सुई संपली म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधलं औषध साध्या सिरिंजने ओढणारे लोक मी पाहिलेत. तेव्हापासून आमच्या दुकानात बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय पिशवीत जात नाही. पोरं हसतात मला. हसू देत.

दुसरं उदाहरण कमी जणांना ठाऊक असतं. हल्ली अनेकांना तीन औषधांची एकत्र गोळी असते: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोस. यातल्या ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते, विशेषतः गोळी घेतली आणि जेवण राहिलं तर. आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे, हे आमच्याकडचे ठरलेले मोसम. शुगर उतरली की घरचे धावत साखर आणतात. पण व्होग्लिबोसचं कामच मुळी साखर फोडायला वेळ लावणं. तोंडात टाकलेली साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही. अशा माणसाच्या घरात ग्लुकोज पावडरच हवी: तीन चमचे पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. व्होग्लिबोसची गोळी देताना सोबत ग्लुकोजचा लहान पुडा देऊन हे दोन वाक्यांत सांगणं, हे काम काउंटरचंच आहे. डॉक्टरांच्या खोलीत ते सांगितलं गेलं असलं तरी घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. लांब काम करणाऱ्या मेटफॉर्मिनचं कवच कधी कधी शौचातून जसंच्या तसं पडतं, "गोळी विरघळतच नाही" म्हणून लोक ती कुटून घेतात. कुटायची नाही, औषध आत उतरलेलं असतं. मे महिन्यात लोक घाबरून घरच्या यंत्रावरचा शुगरचा ३५० चा आकडा सांगत येतात, आणि मी आधी विचारतो, "हात धुतले होते?" आंबा कापलेल्या बोटावरची साखर त्या थेंबात येते. कुरूपावर लावायच्या औषधी पट्ट्या डायबेटीसच्या माणसाला मी विकत नाही, कितीही भांडला तरी. त्यातलं आम्ल कातडी सोलतं आणि ज्या पायाला चटकाच कळत नाही त्याला जखम झालेलीही कळत नाही. पायातली चप्पल निसटली तरी समजलं नाही, असं कोणी सहज बोलता बोलता म्हणालं तर त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे धाडायचं. आणि गुडघेदुखीच्या त्या बेनामी पुड्या! त्यात स्टिरॉइड असेल तर शुगर चढणारच. मधुमेह बरा करून देतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी पत्रकं येतातच.

एक प्रसंग मात्र थोडा सविस्तर सांगतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझं दुकान छतापर्यंत बुडालं. फ्रिज, इन्सुलिन, सगळं गेलं. लोकांचंही गेलं: गोळ्या, फायली, चिठ्ठ्या. चिखल उपसत असतानाच माणसं विचारायला येऊ लागली. कोणी म्हणे "ती पांढरी लांबट गोळी", कोणी म्हणे "सकाळी वीस, रात्री दहा, पण नाव नाही आठवत". योगायोग असा की बिलांची नक्कल मुलाच्या लॅपटॉपवर घरी, वरच्या मजल्यावर होती. दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. नाव सांगा, मोबाईल सांगा, मागचं बिल काढा, कागदावर औषध आणि डोस लिहून द्या, मग तो कागद घेऊन माणूस वैद्यकीय मदतीच्या पथकाकडे जायचा. त्या वेळी मला पहिल्यांदा नीट उमगलं की आपल्याकडे जे आहे ती नुसती विक्रीची नोंद नाही, शहरातल्या डायबेटीसच्या माणसांची ती यादी आहे. आणि ती कोणीही, कधीही मागितलेली नव्हती.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, सरकार काय करतं.

आकडा तुम्ही ऐकला असेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासाचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष: १०.१ कोटी लोकांना डायबेटीस, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. सगळ्यात वरचं प्रमाण आमच्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी, आशाताईंनी घरोघरी फॉर्म भरायचा, उपकेंद्रात औषध, अशी त्याची रचना. चांगली आहे. आशाताईला त्या कामाचा तुटपुंजा का होईना मोबदलाही आहे. पण या सगळ्या साखळीत खासगी मेडिकल कुठेच नाही. तुमचे बाबा खासगी डॉक्टरांकडे जातात, खासगी दुकानातून घेतात. सरकारी नोंदीत त्यांची शुगर अस्तित्वातच नाही.

मेडिकलवाल्यांना असं काम देता येत नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. टीबीच्या बाबतीत सरकारने ते केलंय. २०१४ पासून टीबीची औषधं आणि काही अँटिबायोटिक्स वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागतात, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. २०१८ च्या अधिसूचनेने टीबीच्या पेशंटची माहिती कळवणं आम्हालाही बंधनकारक झालं. सुरुवातीला कुरकुर झाली, मग अंगवळणी पडलं. डायबेटीस संसर्गजन्य नाही, त्यामुळे तशी सक्ती मी मागत नाही, आणि पेशंटच्या परवानगीशिवाय त्याची नोंद कुठे जाऊही नये. पण काउंटरवर हे जमतं, हे सिद्ध झालेलं आहे.

कायद्याने तर आम्हाला बोलायला सांगितलेलंच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत औषध देताना पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. मग होत का नाही?

एक कारण आमच्यातलं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. परवाना एकाच्या नावावर, भिंतीवर सर्टिफिकेट दुसऱ्याचं, आणि काउंटरवर बारावी झालेला तिसराच पोरगा. भाड्याचं सर्टिफिकेट हा शब्द आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतो. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकान बंद, अशी मोहीम महाराष्ट्रात चालली. आमच्या संघटनांनी तेव्हा संप केले. मीही दुकान बंद ठेवलं होतं. आज वाटतं, ती मोहीम कडक होती, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न बरोबर होता.

दुसरं कारण पैशाचं. मेटफॉर्मिनचं साधं पान पंधरा-वीस रुपयांना जातं. किमतीवर नियंत्रण असलेल्या औषधांवर विक्रेत्याची टक्केवारी १६. म्हणजे पानामागे अडीच-तीन रुपये. त्यातही माणूस म्हणतो, "ऑनलाइन वीस टक्के मिळतात, तू किती देतोस?" इन्सुलिन पेन कसं वापरायचं, सुई किती वेळा बदलायची, पोटावर जागा कशा फिरवायच्या, हे नीट शिकवायला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याचा मोबदला शून्य. औषध स्वस्त झालं की पेशंटचं भलं होतं आणि माझं उत्पन्न घटतं. २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटीसच्या औषधाचं पेटंट संपलं आणि साठच्या आसपासची गोळी दहा-पंधरा रुपयांवर आली. पेशंटसाठी ती दिवाळी होती. पण ज्या दुकानाची कमाई फक्त छापील किमतीच्या टक्क्यांवर आहे, त्या दुकानाने स्वस्त गोळीचं कौतुक करावं आणि वर पंधरा मिनिटं द्यावीत, ही अपेक्षा नुसत्या चांगुलपणावर टिकत नाही. मी तरी ती किती दिवस टिकवली हे मलाच माहीत आहे.

तुम्ही परदेशाचं म्हणालात. इंग्लंडमध्ये २०११ पासून नवं औषध सुरू झालेल्या पेशंटशी फार्मासिस्ट ठरवून बोलतो, सुरुवातीला, मग साधारण दोन आठवड्यांनी, मग पुन्हा. टाइप दोन डायबेटीसची औषधं त्यात आहेत, आणि या बोलण्याचे पैसे तिथली सरकारी आरोग्यसेवा दुकानाला देते. अमेरिकेत ॲशव्हिल नावाच्या गावी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नगरपालिकेने आपल्या डायबेटीसच्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, फार्मासिस्टला नियमित भेटा, औषधांचा तुमचा वाटा माफ. त्या लोकांची शुगर सुधारली आणि एकूण वैद्यकीय खर्चही उतरला. तिथला फार्मासिस्ट माझ्यापेक्षा हुशार आहे असं नाही, त्याच्या बोलण्याला किंमत लावलेली आहे इतकंच.

तिसरं कारण नियमांचं. कायद्याप्रमाणे एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, डॉक्टरांनी "पुन्हा द्यावे" असं लिहिलं असेल तरच पुन्हा. आयुष्यभराच्या आजारावर हा नियम शब्दशः पाळला तर बाबांना दर महिन्याला देवरुखहून डॉक्टर गाठावा लागेल. म्हणून सगळेच डोळेझाक करतात, आणि डोळेझाक सुरू झाली की दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठीही चालते. मधला रस्ता सोपा आहे: डॉक्टरांनी सहा महिन्यांची चिठ्ठी लिहावी, फार्मासिस्टने दर वेळी तारीख आणि शिक्का टाकावा, सहा महिने झाले की तपासणीशिवाय पुढचं औषध नाही. तसंच, लिहिलेल्या ब्रँडऐवजी तोच घटक असलेला स्वस्त ब्रँड आम्हाला बदलून देता येत नाही. जनऔषधीची जाहिरात एकीकडे आणि हा नियम दुसरीकडे. बदलाची मोकळीक द्यावी की नाही यावर माझंही मत पक्कं नाही, कारण सगळ्याच कंपन्यांच्या मालाचा भरवसा मला वाटत नाही. पण निदान साध्या मेटफॉर्मिनपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. दुकानासमोर मंडप घालून येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोट टोचायची शिबिरं. जेवून आलेल्या माणसाची शुगर १७० निघते, तो घाबरतो किंवा हसतो, आणि पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा शिंप्याची टेप ठेवा. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाने भारतीयांसाठी चार गोष्टींची गुणपद्धत बसवली आहे: वय, कमरेचा घेर, हालचाल आणि आईवडिलांचा डायबेटीस. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असली तर कमरेचे गुण शून्य. १०० पैकी ६० किंवा जास्त गुण झाले की लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटी रक्त तपासा. दोन मिनिटं लागतात, सुई नाही, कचरा नाही. डॉक्टर मंडळींची तक्रार असते की मेडिकलवाले डॉक्टर व्हायला बघतात. काही बघतात, खरं आहे. टेप लावणाऱ्याला डॉक्टर व्हायची गरज पडत नाही.

आता तुमच्या बाबांचं. पुढच्या वेळी देवरुखला जाल तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, रिकामी पानं, अर्धवट बाटल्या, आयुर्वेदिक चूर्ण, सगळं. फोटो नको, पिशवीच न्या. गावातल्या दोन-तीन मेडिकलपैकी जिथे फार्मासिस्ट स्वतः बसतो ते दुकान निवडा. ओळखायचं कसं? "या दोन गोळ्यांत फरक काय?" एवढं विचारा. जो पान उलटं करून घटक वाचतो, तो. मग दर महिन्याला त्याच दुकानातून घ्या, बिल बाबांच्या नावाने आणि मोबाईल नंबर घालून. दहा टक्क्यांसाठी तीन ठिकाणांहून घेतलंत तर खाडा कोणालाच दिसणार नाही. डॉक्टरांकडून किती महिन्यांसाठी औषध चालू ठेवायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. वर सांगितलेली तीन औषधांची एकत्र गोळी असेल तर ग्लुकोजचा पुडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असू द्या. आणि दुकानदाराला तुमचा नंबर द्या, सांगा की बाबा ३५ दिवसांत आले नाहीत तर मला एक मिस्ड कॉल द्या. बहुतेक जण देतात. आम्हाला कोणी असं सांगतच नाही.

पण सकाळी दहाला किंवा संध्याकाळी सातला जाऊ नका. दुपारी तीनच्या सुमारास जा. तेव्हा दुकानात पंख्याखाली आम्ही एकटेच असतो.